फाइलीपासून मोटरपर्यंत : नवख्यांना मुक्त सीएनसी कंट्रोल कसा शिकवावा

नांदेड किंवा लातूरच्या आयटीआयमधून टर्नर, मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेल्या मुलाचा लेथवर हात बसलेला असतो. डाळ मिलच्या रोलरचा शाफ्ट असो की जिनिंगच्या मशीनची पुली, तो व्हर्नियर लावून जॉब मापात आणून देतो. सीएनसीचं तसं होत नाही. मशीन एकच आणि बॅच मोठी असली, की एकजण बटण दाबतो आणि बाकीचे खांद्यावरून डोकावतात. मशीन महागडं, टूल आपटलं तर भरून कोण देणार, ही धास्ती वेगळीच. कोर्स संपतो तेव्हा कोणतं बटण कधी दाबायचं हे पाठ झालेलं असतं, पण बटण दाबल्यावर आत काय घडलं याचा पत्ता नसतो. त्यातून कंपनीचा कंट्रोल म्हणजे कुलूपबंद पेटी. आत बघायची सोयच नाही.

लिनक्ससीएनसी या मुक्त सॉफ्टवेअरने ही अडचण बरीच सुटते. ते फुकट मिळतं, जुन्या डेस्कटॉपवर चालतं, हे खरं. पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. प्रोग्रामची फाइल आणि फिरणारी मोटर यांच्यामधली प्रत्येक कडी त्यात उघडून बघता येते, मोजता येते, मुद्दाम बिघडवून परत जोडता येते. म्हणून शिकवतानाही त्या साखळीच्या क्रमाने जावं. आधी मशीनशिवाय, मग टूलशिवाय, आणि शेवटी धातूवर.

हे सॉफ्टवेअर आलं कुठून

आकड्यांच्या आज्ञांवर मिलिंग मशीन चालवण्याचं पहिलं गाजलेलं प्रात्यक्षिक १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत झालं. आज्ञा छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. पुढे कंट्रोल संगणकावर आले, पण प्रत्येक कंपनीचा आपापला आणि बंदिस्त. १९९० च्या दशकात ‘निस्ट’ या अमेरिकी सरकारी मापन-मानक संस्थेने ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ नावाचा कंट्रोल साध्या संगणकावर उभा केला. सरकारी खर्चाने झालेलं काम, म्हणून ते सर्वांसाठी खुलं राहिलं. जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी ते पुढे वाढवलं आणि २०११ मध्ये त्याचं नाव लिनक्ससीएनसी झालं. आता डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीत ते थेट उपलब्ध आहे.

मोटर आणि आज्ञा यांचं नातं आपल्या हाताने जुळवून शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. खेड्यातली मुलं संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रं वापरून वस्तू बनवू शकतात, हे तिथे दिसलं. मराठवाड्यातही पाया आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला १९८१ पासून श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय तंत्रनिकेतनं आणि आयटीआय आहेत, आणि लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. शिकायला लागणारी माणसं आणि जागा आहेतच.

आज्ञेचा प्रवास

पहिल्या तासाला मशीन दाखवू नये. फळ्यावर सहा चौकोन काढावेत आणि त्यांना बाणांनी जोडावं.

पहिला चौकोन प्रोग्रामचा. जी-कोडची साधी मजकूर फाइल. दुसरा इंटरप्रिटरचा. तो फाइल ओळीमागून ओळ वाचतो आणि ‘इथून तिथपर्यंत, या वेगाने’ असा अर्थ काढतो. तिसरा मोशनचा. तो त्या हालचालीचे बारीक तुकडे पाडतो आणि दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदातून हजारदा, प्रत्येक अक्ष आत्ता कुठे असायला हवा याचा हिशोब करतो. एकदम वेग घ्यायचा नाही, वळणाआधी वेग कमी करायचा, हे तोच ठरवतो. चौथा चौकोन हॅलचा. मोशनने काढलेला आकडा कोणत्या तारेवर पाठवायचा ते तिथे ठरतं. पाचवा ड्रायव्हर. संगणकाकडून आलेल्या बारीक पल्सचा तो मोटरला पुरेल असा करंट करतो. सहावी मोटर. स्टेपर मोटर असेल तर एका पल्सला एक पाऊल, किंवा पावलाचा एक भाग.

हे सहा चौकोन मुलांच्या वहीत पहिल्या पानावर हवेत. पुढे काहीही अडलं की प्रश्न एकच विचारायचा : ‘कितव्या चौकोनात अडलं?’ ही सवय लागली की मूल अंदाजपंचे बटणं दाबत नाही.

मशीनशिवाय पहिले धडे

लिनक्ससीएनसी सुरू केलं की तयार कॉन्फिगरेशनची यादी येते. त्यात नकली मशीन, म्हणजे सिम्युलेटर, असतो. त्यातलं ‘अ‍ॅक्सिस’ हे पडद्यावरचं रूप नवख्याला सोपं पडतं. लॅबमध्ये जितके जुने संगणक तितकी मशीनं, असा हा हिशोब. कुणीही खांद्यावरून डोकावायची गरज नाही.

सिम्युलेटरवर क्रम पक्का करून घ्यावा. इमर्जन्सी स्टॉप सोडवायचा, एफ१ की. मशीन ऑन करायचं, एफ२ की. मग सर्व अक्षांचं होमिंग करायचं. त्यानंतर बाणांच्या कळांनी अक्ष हलवून बघायचे. एफ५ दाबून एकेक आज्ञा टाइप करायची आणि परिणाम बघायचा. मुलं होमिंग टाळून प्रोग्राम सुरू करायला जातातच. लिनक्ससीएनसी त्यांना अडवतं. हा अडथळा शिकवण्यासाठी उत्तम : आपण कुठे आहोत हेच मशीनला ठाऊक नसताना ‘चाळीस मिलिमीटरवर जा’ या आज्ञेला काही अर्थ उरत नाही.

लिनक्सची अजिबात ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे धडे कामाचे आहेत. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या या उपक्रमात लहान लहान चित्रफिती मराठी आवाजातही आहेत. फोल्डर उघडणं, फाइलची प्रत काढणं, मजकूर बदलून सेव्ह करणं, एवढं आलं तरी इथे भागतं.

एक चौकोन, बारा ओळी

पहिला प्रोग्राम मुलांनी कागदावर पेनने लिहावा. ४० बाय ३० मिलिमीटरचा आयत, एक मिलिमीटर खोल, ६ मिलिमीटरच्या दोन धारांच्या कार्बाइड एंडमिलने. पडद्यावर अक्षरं रोमन असतात. वाचताना आपण अशी वाचतो :

जी२१ जी९० जी१७ जी४० जी५४
एम३ एस८०००
जी० झेड५
जी० एक्स० वाय०
जी१ झेड-१ एफ१००
जी१ एक्स४० एफ६००
वाय३०
एक्स०
वाय०
जी० झेड५
एम५
एम२

पहिली ओळ नियम घालून देते : माप मिलिमीटरमध्ये, सगळे आकडे जॉब झिरोपासून मोजायचे, काम एक्स-वाय या प्रतलात, टूलच्या त्रिज्येची भरपाई बंद, आणि झिरो जी५४ चा. दुसरी स्पिंडल मिनिटाला ८००० फेऱ्यांनी फिरवते. तिसरी टूल वर उचलते. चौथी सुरुवातीच्या कोपऱ्यावर आणते. पाचवी टूल हळूच एक मिलिमीटर खाली घालते. पुढच्या चार ओळी चार बाजू कापतात. मग टूल वर, स्पिंडल बंद, प्रोग्राम संपला.

सातव्या ओळीवर थांबावं. तिथे नुसतं ‘वाय३०’ आहे. जी१ नाही, एफ नाही. तरी मशीन कापतं, कारण जी१ आणि एफ६०० एकदा सांगितले की नवी आज्ञा येईपर्यंत ते चालूच राहतात. आता मुलांना विचारावं : पाचव्या ओळीतला जी१ आणि सहाव्या ओळीतला जी१ असे दोन्ही पुसले तर काय होईल? चौथ्या ओळीतला जी० लागूच राहील, टूल पूर्ण वेगाने जॉबमध्ये घुसेल आणि चारही बाजू त्याच वेगाने ओढायला जाईल. सिम्युलेटरवर हे घडवून दाखवावं. तिथे काहीच मोडत नाही.

वेगाचे आकडे कुठून आले तेही सांगावं, नाहीतर मुलं ते मंत्रासारखे पाठ करतात. अ‍ॅल्युमिनियमला कार्बाइड टूलचा कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर धरला, तर ६ मिलिमीटर व्यासाला फेऱ्या होतात १५० गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले ६, म्हणजे जवळपास ८०००. दोन धारा, प्रत्येक धारेने फेरीला ०.०४ मिलिमीटर घ्यायचं, तर फीड ६४०. आपण ६०० धरला. हा हिशोब आयटीआयच्या मुलाला नवा नाही; लेथवर त्याने तो केलेला असतो.

या आयतात एक गंमत आहे आणि ती मुलांना आपण होऊन सापडू द्यावी. पुढे थर्माकोलवर हा आयत कापला आणि खाचेच्या बाहेरच्या कडांवर व्हर्नियर लावला, की ४० ऐवजी ४६ येतात. आतल्या कडांवर ३४. ‘सर, मशीन चुकलं!’ मशीन चुकलेलं नसतं. प्रोग्राम टूलच्या मध्याला रस्ता सांगतो. टूल दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर खातं. यानंतरच जी४१ आणि जी४२, म्हणजे टूलच्या त्रिज्येची भरपाई, शिकवावी. गरज कळल्यावर शिकवलेलं टिकतं.

पल्सचा हिशोब

आता खऱ्या मोटरकडे. टेबलावर एक स्टेपर मोटर, एक ड्रायव्हर आणि पॉवर सप्लाय ठेवावा. अजून मशीन नकोच. नेहमीची स्टेपर मोटर एका पावलाला १.८ अंश फिरते, म्हणजे फेरीला २०० पावलं. ड्रायव्हरवरच्या छोट्या स्विचांनी एका पावलाचे आठ भाग केले, तर फेरीला १६०० पल्स. मोटरला ५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू जोडला, तर एका मिलिमीटरला १६०० भागिले ५, म्हणजे ३२० पल्स. हा आकडा कॉन्फिगरेशनच्या आयएनआय फाइलमध्ये ‘स्केल’ या नावाने जातो.

मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग हवा असेल तर सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला १६,००० पल्स. स्क्रू मिनिटाला ६०० फेरे घेणार. इथे नवखे हमखास अडखळतात : जी-कोडमधला एफ मिनिटाचा असतो, पण आयएनआय फाइलमधला कमाल वेग सेकंदाचा. तिथे ३००० लिहिलं तर आपण साठपट वेग मागितला. मोटर नुसती किंचाळते, फिरत नाही.

स्केल बरोबर आहे की नाही हे मोजूनच ठरवावं. अक्षाला १०० मिलिमीटर जायला सांगावं आणि प्रत्यक्षात किती गेला ते बघावं. बरोबर निम्मं किंवा दुप्पट अंतर आलं, तर ड्रायव्हरचे स्विच आणि फाइलमधला आकडा जुळत नाहीत. ९९.२ आलं, तर स्केल ३२२.५८ करून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरावा. बॉलस्क्रू इतका चुकत नाही. कपलिंग सरकतंय का, स्क्रूच्या नटमध्ये ढिलाई आहे का, अक्ष मध्येच पावलं चुकवतोय का, हे आधी बघावं. आकडा बदलून रोग झाकता येतो, बरा होत नाही.

संगणक वेळ पाळतो का

सेकंदाला १६,००० पल्स म्हणजे दर ६२.५ मायक्रोसेकंदाला एक. साधा संगणक हजार कामांत गुंतलेला. माउस हलला, हार्ड डिस्क वाचली की तो पल्स द्यायला उशीर करू शकतो. उशीर झाला की मोटर अडखळते. म्हणून लिनक्ससीएनसीला वेळ काटेकोर पाळणारा लिनक्सचा गाभा लागतो. संगणक किती उशीर करतो हे मोजायला ‘लेटन्सी’ चाचणी त्यात आहेच.

ही चाचणी स्वतंत्र प्रयोग म्हणून घ्यावी. चाचणी सुरू करायची आणि संगणकाला मुद्दाम छळायचं : मोठी फाइल कॉपी करा, व्हिडिओ लावा, खिडक्या उघडा-मिटा. निदान काही मिनिटं हे चालू ठेवून सर्वात मोठा उशीर वहीत लिहायचा. १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर तो संगणक स्वतःच पल्स काढायला उत्तम. ३० ते ५० असेल तर चालेल, पण वेग कमी मिळेल. १०० च्या वर गेला तर पल्स काढायचं काम त्याच्याकडे देऊ नये. त्यासाठी मेसासारखं वेगळं कार्ड घ्यावं, मग पल्स कार्ड काढतं. वीज वाचवण्याच्या सोयींमुळे लॅपटॉप या परीक्षेत बहुधा नापास होतात. दहा वर्षं जुना डेस्कटॉप नव्या लॅपटॉपला हरवतो, हे आकड्यांत बघितलं की मुलांना ते विसरता येत नाही.

हॅल : पॅनेलमधल्या तारा पडद्यावर

लिनक्ससीएनसीतला सर्वात घाबरवणारा आणि सर्वात शिकवणारा भाग हाच. घाबरायचं कारण नाही. डाळ मिलमधला स्टार्टर पॅनेल उघडला तर आत कॉन्टॅक्टर, रिले, टर्मिनल पट्टी आणि नंबर घातलेल्या तारा दिसतात. कोणती तार कुठून निघून कुठे गेली हे वायरमन बोटाने दाखवतो. हॅलमध्ये नेमकं तेच आहे, फक्त तारा लिहून जोडायच्या. प्रत्येक भागाला पिना असतात आणि ‘नेट’ या आज्ञेने त्या एकमेकींना जोडतात. इकडे एक पिन, तिकडे एक पिन, मधल्या तारेला आपण दिलेलं नाव.

जुन्या प्रिंटर पोर्टवर हे शिकवणं सोपं. त्या पंचवीस पिनांच्या सॉकेटवर आज्ञा बाहेर पाठवायला १२ पिना आणि खबर आत घ्यायला ५ पिना असतात. पिन २ वर एक्सचे पल्स, पिन ३ वर एक्सची दिशा, अशी वाटणी ‘स्टेपकॉन्फ’ नावाचं साधन विचारून विचारून करून देतं. मुलांनी आधी त्या साधनाकडून फाइल बनवून घ्यावी आणि मग ती उघडून ओळ न् ओळ वाचावी. आयती फाइल न वाचता वापरली तर इथपर्यंतचा खटाटोप वाया.

एक छोटा प्रयोग : एक लिमिट स्विच इनपुट पिनला जोडा. ‘हॅलमीटर’ उघडून ती पिन निवडा. स्विच बोटाने दाबा. पडद्यावरची किंमत बदलते. आता तार काढून टाका आणि मुलांना विचारा, आता पडद्यावर काय दिसेल? स्विच नेहमी बंद राहणाऱ्या संपर्काचा जोडला असेल, तर तार तुटणं आणि स्विच दाबला जाणं यांत फरक दिसत नाही, आणि मशीन थांबतं. तुटलेली तार मशीन थांबवते, हेच आपल्याला हवं. उलट जोडणीत तार तुटली तर मशीन बिनधास्त धावत राहील आणि शेवटच्या टोकाला जाऊन आदळेल.

झिरो, होम आणि लाल बटण

दोन झिरोंचा घोळ नवख्यांच्या डोक्यात बराच काळ राहतो. एक झिरो मशीनचा : होम स्विचपासून मोजलेला, मशीन सोडून कुठे न जाणारा. दुसरा जॉबचा : वाइसमध्ये पकडलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर आपण घेतलेला. जी५४ म्हणजे या दोघांमधलं अंतर, एवढंच. ‘टच ऑफ’ बटण ते अंतर लिहून ठेवतं. टूल आणि जॉब यांत कागदाचा कपटा धरून झेडचा झिरो घेतला, तर कागदाची जाडी, साधारण ०.१ मिलिमीटर, धरायला विसरू नये.

स्टेपर मोटरवर पडद्यावरचा आकडा म्हणजे मोटरला सांगितलेलं ठिकाण; ती खरंच तिथे पोचली की नाही हे संगणकाला कळत नाही. कट जास्त घेतला, मोटरने पावलं चुकवली, तरी पडदा जुनाच आकडा दाखवत राहतो. म्हणून जॉब संपल्यावर पुन्हा झिरोवर येऊन कोपरा जुळतो का बघायची सवय लावावी.

लाल बटणाबाबत तडजोड नाही. इमर्जन्सी स्टॉपने मोटरची आणि स्पिंडलची वीज तारेनेच तोडायला हवी. सॉफ्टवेअरला फक्त खबर जावी. संगणक अडकला असेल तर कीबोर्डवरची एफ१ कळ काही वाचवणार नाही.

आपल्याकडे यात विजेचा प्रश्न येतो. संगणकाला यूपीएस आणि ड्रायव्हर थेट लाइनवर, अशी जोडणी सर्रास दिसते. वीज गेली की मोटर मेली. संगणक मात्र जागा आणि प्रोग्राम पुढे चालू! वीज आल्यावर टूल एकीकडे, पडदा भलतीकडे. उपाय साधा : लाइनवर एक रिले बसवून त्याचा संपर्क इमर्जन्सीच्या साखळीत घ्यायचा. लाइन गेली की प्रोग्रामही थांबतो. आणि जी५४ चे आकडे वहीत लिहून ठेवायचे. पुन्हा होमिंग केल्यावर तोच झिरो परत मिळतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ड्रायव्हर तापतात, त्यांना पंखा आणि मोकळी जागा द्यावी. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या तारांपासून लिमिट स्विचच्या तारा दूर ठेवाव्यात आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करावी. नाहीतर कुणी हात न लावता लिमिट लागल्याचा संदेश येत राहतो.

पहिला कट

पहिल्यांदा प्रोग्राम हवेत चालवावा. झेडचा झिरो जॉबपासून पन्नासेक मिलिमीटर वर घ्यावा, फीड ओव्हरराइड खाली ओढावा आणि एकेक ओळ पुढे न्यावी. एका मुलाचा हात लाल बटणावर, दुसरा ओळ मोठ्याने वाचणार आणि टूल कुठे जाईल ते आधी सांगणार. सांगितलेलं आणि घडलेलं जुळलं की पुढची ओळ. हे कंटाळवाणं वाटतं, पण चुकलेलं वजाचं चिन्ह याच वेळी पकडलं जातं.

मग थर्माकोल, मग एमडीएफ, मग अ‍ॅल्युमिनियम. थर्माकोल चूक माफ करतो, एमडीएफ माप दाखवतो, अ‍ॅल्युमिनियम वेगाची परीक्षा घेतं. दरवाजांच्या डिझाइनचं आणि देवघराच्या जाळीचं काम आता लहान गावांतही सीएनसी राउटरवर होतं, त्यामुळे एमडीएफवरचा सराव पोटापाण्याच्या कामाचाच आहे.

हात आखडता असेल तर

एवढंही जमत नसेल तर जीआरबीएल आहे. नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर चालतं आणि सेकंदाला ३०,००० पल्सपर्यंत देऊ शकतं. संगणक फक्त एकेक ओळ पाठवतो, म्हणून कोणताही लॅपटॉप चालतो. ‘$$’ असं टाइप केलं की सगळ्या सेटिंग समोर येतात. त्यातलं $१०० म्हणजे एक्सचं स्केल, वर काढलेलं तेच ३२०. $११० म्हणजे कमाल वेग, इथे मात्र मिनिटाचा. लहान राउटरसाठी ते पुरतं. पण हॅलसारखं आत शिरून मोजायची, जोडणी बदलायची सोय त्यात नाही. स्वस्त मशीन चालवायला जीआरबीएल, साखळी समजून घ्यायला लिनक्ससीएनसी, अशी वाटणी शाळा-कॉलेजात बरी पडते.

ही मुलं उद्या वाळूजला किंवा चाकणला गेली तर समोर फॅनक किंवा सीमेन्सचा कंट्रोल असेल, लिनक्ससीएनसी नसेल. शिकलेलं वाया जात नाही; जी०, जी१, जी५४ सगळीकडे तेच. पण फरक आधीच सांगून ठेवावेत. सर्वात धोक्याचा फरक टिंबाचा. लिनक्ससीएनसीत ‘एक्स४०’ म्हणजे ४० मिलिमीटर. सेटिंगनुसार अनेक फॅनक मशीनवर टिंबाशिवाय लिहिलेलं ‘एक्स४०’ म्हणजे ४० मायक्रॉन, ०.०४ मिलिमीटर. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘एक्स४०.’ असं टिंब देऊन लिहायची सवय लावावी. इथे त्याने काही बिघडत नाही, तिथे जॉब वाचतो.

परीक्षा कशी घ्यावी

प्रोग्राम लिहायला सांगून होणारी परीक्षा पुरेशी नाही. ती पाठांतरानेही सुटते. शिकवणाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत एकच गोष्ट बिघडवावी. ड्रायव्हरचा एक स्विच बदलावा, हॅलमधली एक पिन चुकवावी, लिमिट स्विचची एक तार सैल करावी, किंवा प्रोग्रामातलं एक वजाचं चिन्ह पुसावं. मुलांना सांगावं, मशीन नीट चालत नाही, बघा. उत्तर दुरुस्तीत नको, कारणात हवं : सहापैकी कितव्या चौकोनात बिघाड होता, तो तिथेच आहे हे कशावरून ठरवलं, आणि बाकीचे चौकोन कसे वगळले. या तीन प्रश्नांची उत्तरं जिला किंवा ज्याला सांगता येतात, त्या मुलाच्या ताब्यात मशीन द्यायला हरकत नाही. ज्याला येत नाहीत, त्याला सिम्युलेटरवर परत बसवावं. तिथे तासाला भाडं लागत नाही आणि टूलही मोडत नाही.